पल्स आखूड केली की भेग दिसते?

पूल किंवा धरणाच्या निगराणीसाठी ऑप्टिकल फायबर टाकायची चर्चा निघाली, की एक सल्ला हमखास फिरतो: 'पल्स आखूड करा, सॅम्पलिंग वाढवा, सेंटिमीटरपर्यंत सगळं दिसेल.' तो निम्माच खरा आहे.

आधी पल्स, म्हणजे फायबरमध्ये सोडलेला प्रकाशाचा क्षणभराचा झोत; त्याच्या परतलेल्या अंशावरून कुठे किती ताण आहे ते कळतं. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. जाऊन परत यायचं, म्हणून 10 नॅनोसेकंदांच्या पल्सला 1 मीटर रेझोल्यूशन (म्हणजे इतक्या लांबीतलं वेगवेगळं ओळखता येत नाही), 1 नॅनोसेकंदाला 10 सेंटिमीटर. इथवर ठीक. पण ताण मोजायच्या ब्रिल्वाँ पद्धतीत ताण कळतो तो फायबरमधल्या ध्वनिलहरीवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या फ्रिक्वेन्सीमुळे, आणि ती लहर नीट उभी राहायलाच सुमारे 10 नॅनोसेकंद जातात. त्या फ्रिक्वेन्सीच्या आलेखातलं, ताणाने आणि तापमानाने सरकणारं, एरवी जेमतेम 30 मेगाहर्ट्झ रुंदीचं शिखर 1 नॅनोसेकंदाच्या पल्सने शेकडो मेगाहर्ट्झ फाकतं, सिग्नलही मरतो. तापमानाच्या एका अंशाला हे शिखर सरकतं सुमारे 1 मेगाहर्ट्झ. शोधा आता!

सॅम्पलिंगबद्दल तर निव्वळ गैरसमज आहे. दर 10 सेंटिमीटरला आकडा मिळाला, तरी पल्स 10 नॅनोसेकंदांची असेल तर प्रत्येक आकडा मीटरभराची खिचडीच असतो. समजा, भेगेजवळच्या 10 सेंटिमीटरवर 2000 मायक्रोस्ट्रेन (लांबीतला दशलक्षांश फरक म्हणजे 1) ताण आहे, उरलेल्या 90वर शून्य. 'निदान सरासरी 200 तरी दिसेल' असं वाटतं, पण तेही होत नाही. 90 सेंटिमीटरचं मोठं शिखर जवळपास जागेवरच राहतं. भेगेचा सिग्नल 100 मेगाहर्ट्झ पलीकडे लहानसा फुगवटा होऊन बसतो. यंत्र फक्त शिखर वाचत असेल, तर भेग चक्क गायब.

'कोडिंग केलं (एका पल्सऐवजी पल्सची सांकेतिक मालिका सोडली) की रेझोल्यूशन सुधारतं' हेही ऐकू येतं. कोडिंगने नॉइज कमी होतो. रेझोल्यूशन एका बिटच्या रुंदीवरच अडतं.

मग उपाय नाहीत का? आहेत, पण वेगळ्या वाटेचे. 50 आणि 49 नॅनोसेकंदांच्या दोन पल्स सोडून वजाबाकी करायची: ध्वनिलहर आधीच उभी असते, उरतो तो 10 सेंटिमीटरचा हिशेब. वजाबाकीत नॉइज वाढतो, त्यामुळे मोजणीला वेळ लागतो. टोकियो विद्यापीठात काझुओ होताते यांच्या गटाने पल्सचा नादच सोडला, अखंड प्रकाशलहरींच्या सहसंबंधाची (दोन लहरी कुठे जुळतात ते पाहण्याची) पद्धत वापरली आणि मिलिमीटरच्या घरात पोचले. रेले स्कॅटरिंगवरच्या (काचेतल्या सूक्ष्म असमानतेमुळे विखुरलेला प्रकाश वापरणाऱ्या) ओएफडीआर या पद्धतीत लेझरची फ्रिक्वेन्सी जितकी फिरवाल तितकं रेझोल्यूशन बारीक, पण साधारणपणे पल्ला काही दहा मीटरांचा. धरणाला काय पुरणार?

आणि हे सगळं जमलं, तरी जेल भरलेल्या नळीत सैल पडलेल्या फायबरपर्यंत काँक्रीटचा ताण धड पोचतच नाही. तशी केबल टाकली असेल तर यंत्र कितीही भारी आणा, ते तापमान तेवढं सांगेल.