मासा तुमच्याशी बोलत नाहीये

परवा रात्री भाचीचा व्हिडिओ कॉल आला. वय वर्षं आठ. फोन काचेच्या गोल बाउलला टेकवलेला, आत एक नारिंगी गोल्डफिश. पाण्याच्या अगदी वरच्या कडेला येऊन त्याचं तोंड उघडमीट, उघडमीट चाललेलं. "मामा, बघ ना, तो माझ्याशी बोलतोय! मेसेजमध्ये लिहिलंय तस्संच!"

हा मेसेज दाजींनी दोन दिवस आधी फॅमिली ग्रुपवर टाकला होता. मी न वाचताच अंगठा देऊन मोकळा झालो होतो, ही माझी चूक. त्या रात्री नीट वाचला. 'गोल्डफिशबद्दलच्या सहा गमती', शेवटी हात जोडलेले पाच इमोजी आणि 'प्राणीप्रेमींना नक्की पाठवा'. गमती अशा: गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची, म्हणून तो छोट्या बाउलमध्ये कंटाळत नाही. तो भांड्याच्या मापानेच वाढतो. फिल्टर-बिल्टर लागत नाही, दर रविवारी सगळं पाणी ओतून बाउल साबणाने लख्ख धुवा. वर येऊन तोंड हलवतो तेव्हा तो तुमच्याशी बोलतो आणि खायला मागतो, तेव्हा घाला. आयुष्य तसंही दोनेक वर्षांचं. आणि फारच मोठा झाला तर जवळच्या तळ्यात सोडून त्याला स्वातंत्र्य द्या.

बोलण्याचा मुद्दा आधी घेतो. बाकीच्या थापा हसण्यावारी नेता आल्या असत्या, ही नाही.

मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांमधून घेतो. तो पुरेनासा झाला की मासा वर येतो, कारण हवेला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात त्यातल्या त्यात ऑक्सिजन बरा असतो. तोंड वर काढून तो थर कल्ल्यांवरून फिरवत राहतो. खाणं दिसल्यावर मासा वर येतो हे खरं, पण घास घेऊन लगेच खाली जातो. तासन्‌तास वर लटकून तोंड उघडमीट करणाऱ्या माशाला धाप लागलेली असते. माझी भाची ज्याला गप्पा समजत होती, तो मासा श्वासासाठी धडपडत होता. आणि मेसेज काय सांगतो? अजून खायला घाला! गोल्डफिशला आपल्यासारखं जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, त्यामुळे तो थोडं थोडं खात राहणारा प्राणी आहे आणि समोर येईल ते गिळतो. त्यातून उरलेलं तळाशी कुजतं आणि कुजताना पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन ओढून घेतं. गुदमरणाऱ्याच्या तोंडात घास कोंबायचा आणि वर म्हणायचं, बघा कसा गोड बोलतोय.

त्यात तो गोल बाउल. काठोकाठ भरला की वरचं तोंड अरुंद, म्हणजे हवा आणि पाणी एकमेकांना भेटायची जागाच एवढीशी. अर्धा भरला तर ही जागा रुंद होते, पण पाणी निम्मं. रोमच्या नगरपालिकेने २००५ साली गोल बाउलमध्ये मासे ठेवण्यावर बंदी घातली, तेव्हा जगभर लोक हसले होते. मला आता त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

फोनवर दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "अरे, हा मासा फार चिवट असतो. माझ्या लहानपणी आमच्याकडे होता की, काही झालं नाही." काही झालं नाही म्हणजे किती वर्षं जगला, असं विचारल्यावर विषय बदलला. तरी चिवटपणाची गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. गोल्डफिश खरोखरच विलक्षण चिवट आहे. ऑक्सिजन अजिबात नसला तरी तो काही काळ तग धरतो, आणि कसा, तर शरीरात दारू गाळून! ऑस्लो आणि लिव्हरपूल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ साली यामागची जनुकीय करामत उलगडून दाखवली. ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढताना आपल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं. गोल्डफिश आणि त्याचा भाऊबंद क्रूशियन कार्प त्याचं इथेनॉल करतात आणि ते कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतात. पण ही युक्ती बर्फाखाली गोठत आलेल्या तळ्यातली आहे, जिथे माशाचं सगळं शरीरच संथ झालेलं असतं. दिवाणखान्यातल्या कोमट पाण्यात ती कामाला येत नाही. आणि एखादा प्राणी हाल सोसू शकतो, एवढ्यावरून ते करायची परवानगी मिळते होय?

आता रविवारच्या साबणाचं. हा मुद्दा दिसायला सर्वांत सात्त्विक आहे, कारण स्वच्छतेला नाही कोण म्हणणार. दुसऱ्या दिवशी पाणी तपासायचं किट घेऊन ताईकडे गेलो. भाचीसमोर काचेच्या नळीत बाउलचं पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं, पाच मिनिटं ठेवलं. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. ते आधी पोपटी झालं, मग गर्द हिरवं. "किती छान रंग!" भाची म्हणाली. मी काहीच बोललो नाही.

बाउल दिसायला आरशासारखा होता, ताईने आदल्याच रविवारी घासला होता. पण मासा जगतो म्हणजे अमोनिया सोडतो, आणि तोही बहुतेक कल्ल्यांमधूनच. हा अमोनिया दिसत नाही आणि कल्लेच भाजून काढतो. तळ्यात त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात: एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही वाईटच, त्याने माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही रक्तात चढत नाही. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी सोसतं. या टोळ्या पाण्यात तरंगत नसतात. काचेला, खड्यांना, मुख्य म्हणजे फिल्टरच्या स्पंजला चिकटून वस्ती करतात, आणि ती वस्ती नीट बसायला महिना-दीड महिना लागतो. दर रविवारी साबण लावला म्हणजे दर रविवारी वस्ती उठवली. वर नळाच्या पाण्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरीन, ते या जिवाणूंनाही सोडत नाही. शिवाय साबणाचा अंश राहिला तर तो कल्ल्यांना वेगळाच त्रास. मासा एकाच जागी राहून दर आठवड्याला नवीन, न मुरलेल्या पाण्यात येऊन पडतो.

ताईला वाईट वाटलं. "मी तर त्याच्यासाठीच एवढं घासत होते रे." मला तिच्यावर अजिबात राग नाही. राग आहे तो हात जोडलेल्या इमोजींवर.

करायचं एवढंच: फिल्टर हवाच. पाणी आठवड्याला पाव-तृतीयांश बदलायचं, सगळं नाही. नवं पाणी साधारण त्याच तापमानाचं, क्लोरीन काढणारं औषध घालून. नुसतं रात्रभर उघडं ठेवल्यावर क्लोरीन उडतं, पण पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीनचंच टिकाऊ भावंड, असेल तर ते तसं जात नाही. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही. साबण घरातल्या इतर भांड्यांसाठी राखून ठेवावा.

तीन सेकंदांच्या स्मरणशक्तीची थाप सर्वांत लोकप्रिय आहे, आणि तीच सर्वांत विनोदी. कारण स्मृती मेंदूत पक्की कशी होते हे शोधायला शास्त्रज्ञांनी जे प्राणी निवडले, त्यात गोल्डफिश होता! मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड अॅग्रानॉफ आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात गोल्डफिशना शिकवलं: दिवा लागला की टाकीतला अडथळा ओलांडून पलीकडे जायचं, नाहीतर विजेचा हलका झटका. पहिल्या दिवशी वीस वेळा सराव. मग तीन दिवसांनी पुन्हा परीक्षा. माशांच्या लक्षात होतं. शिकवल्या शिकवल्या मेंदूत प्युरोमायसिन नावाचं, प्रथिनं बनणं थांबवणारं औषध टोचलं तर शिकलेलं पुसलं जायचं, पण तेच औषध तासाभराने टोचलं तर काही फरक पडत नसे. म्हणजे पक्की आठवण तयार व्हायला काही वेळ आणि नवी प्रथिनं लागतात, हा धडा गोल्डफिशच्या डोक्यातून आला. ज्याला चौथं सेकंदही आठवत नाही अशा प्राण्यावर हा प्रयोग करून कुणाला काय मिळालं असतं? (झटके आणि सुया मलाही आवडल्या नाहीत, पण तो वेगळा वाद.)

हे फार जुनं वाटत असेल तर इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातलं २०२२ चं काम आहे. त्यांनी सहा गोल्डफिशना गाडी चालवायला शिकवली. चाकांवर पाण्याची टाकी, वर कॅमेरा, मासा ज्या बाजूला पोहेल तिकडे गाडी जाणार. मासे ठरलेल्या खुणेपर्यंत गाडी नेऊन खाऊ मिळवायला शिकले. दाजींना लायसन्स तिसऱ्या खेपेला मिळालं होतं, एवढंच इथे नोंदवून पुढे जातो.

भांड्याच्या मापाने वाढण्याच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती इतकी टिकली. कोंदट, घाण पाण्यात गोल्डफिशची वाढ खुंटते हे खरं. मेसेजने त्याला सोय म्हटलंय, पण ते दुखणं आहे. साधा गोल्डफिश नीट जगला तर वीतभर तर सहज होतो, त्याहूनही मोठा. आणि याचा पुरावा मेसेजच्या शेवटच्या मुद्द्यातच दडलाय, तो लिहिणाऱ्याला कळला नाही इतकंच. २०२१ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्न्सव्हिल शहराने नागरिकांना जाहीर विनंती केली: बाबांनो, पाळलेले गोल्डफिश तळ्यात सोडू नका. तिथल्या केलर तळ्यातून जे गोल्डफिश निघाले ते अमेरिकन, म्हणजे लांबट, फुटबॉलएवढे होते. कधीकाळी कुणाच्या तरी टाकीतून येऊन पडलेले आणि तिथे वाढत, वंश वाढवत राहिलेले. हे मासे तळ उकरतात, पाणवनस्पती उपटतात, पाणी गढूळ करतात, आणि मूळच्या माशांचं जिणं अवघड होतं. तेव्हा 'त्याला स्वातंत्र्य द्या' म्हणजे तळ्यातल्या बाकी सगळ्यांच्या डोक्यावर एक दांडगा पाहुणा बसवा.

दोन वर्षांच्या आयुष्याबद्दल फार लिहित नाही. दहा-पंधरा वर्षं ही नीट सांभाळलेल्या गोल्डफिशसाठी साधी गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा टिश नावाचा गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून घरी आला आणि १९९९ साली गेला. त्रेचाळीस वर्षं. बाउलमधले मासे दोन वर्षांत जातात हे खरंच असेल, पण त्याला त्यांचं आयुष्य म्हणू नका.

हे सगळं त्याच फॅमिली ग्रुपवर टाकलं. दाजींनी अंगठा दिला, बहुधा न वाचताच. पण शनिवारी ते स्वतःच मोठी आयताकृती टाकी उचलून घरी आले, साठ लिटरची. एका माशाला मला अजून थोडी मोठी आवडली असती, पण तोंड बंद ठेवलं. फिल्टर लागला. त्यातली वस्ती बसेपर्यंत भाची एक दिवसाआड नळीत थेंब टाकते आणि रंग वहीत लिहिते. पहिल्या पानावर 'गर्द हिरवा', खाली 'हिरवा', 'हिरवा', 'पोपटी'. मासा आता वर लटकत नाही, खालच्या खड्यांत तोंड खुपसून फिरत असतो.

"मामा, तो आता माझ्याशी बोलतच नाही," ती काल म्हणाली, जरा रुसूनच.