‘ते’ म्हणजे नक्की काय?

अकरावी सायन्सला मराठी शिकवणं म्हणजे पंगतीत लोणचं वाढत फिरणं. कुणी नको म्हणत नाही, पण त्यासाठी कुणी आलेलंही नसतं. तरी दरवर्षीसारखी यंदाही मला हुक्की आली. आठवड्यातला एक तास पाठ्यपुस्तक मिटून ‘संगीत संशयकल्लोळ’ वाचायचं ठरवलं. तेही भराभर नाही, ओळ न् ओळ उकलत.

“सर, परीक्षेला आहे?”

“नाही.”

“मग किती मार्कांना?”

या दुसऱ्या प्रश्नातल्या आशावादाला माझा दंडवत.

आधी नाटकाची पूर्वपीठिका सांगितली. मोलियेरनं 1660 साली एक फ्रेंच प्रहसन लिहिलं. त्याच्या आधारानं आर्थर मर्फीनं 1761 मध्ये इंग्रजीत नाटक केलं. गोविंद बल्लाळ देवलांनी त्यावरून 1893 मध्ये ‘तसबिरीचा घोटाळा’ लिहिला आणि पुढे पदं घालून त्याचंच 1916 मध्ये संगीत नाटक झालं.

“म्हणजे कॉपी?”

“रूपांतर.”

“आम्ही प्रॅक्टिकलची वही रूपांतरित केली की शून्य मिळतं, सर.”

देवलांनी निदान नावं बदलली होती, तुमच्या वहीत मित्राचा रोल नंबर तसाच असतो, असं सांगून मी तो विषय मिटवला. मग गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव, बालगंधर्वांची रेवती, असा गहिवरून बोलू लागलो. रेवतीचं काम पुरुष करायचा हे कळल्यावर तास तिथेच संपला.

पुढच्या आठवड्यात कथानकाला हात घातला. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेवढंच त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या नजरेला पडतं. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेला सापडते आणि ती न्याहाळताना फाल्गुनराव तिला पाहतो. झालं! आता दोघांकडेही पुरावा.

“एकमेकांना सरळ विचारलं असतं तर?” शेवटच्या बाकावरून प्रश्न आला. “नाटक दोन मिनिटांत संपलं असतं.”

हा प्रश्न दर वर्षी येतो. दर वर्षी मी त्याला एक गंभीर उत्तर देतो आणि दर वर्षी ते कुणालाच पटत नाही. यंदा मात्र पहिल्या बाकावरची चष्मेवाली मागे वळून म्हणाली, “तू परवा विचारलंस का? तिनं नुसतं ‘ठीक’ लिहिलं तर दिवसभर तोंड पाडून बसला होतास.”

“नुसतं ‘ठीक’ नव्हतं. पुढे पूर्णविराम होता.”

वर्गात हळहळ पसरली. मग मला रीतसर शिकवणी मिळाली. नुसतं ‘ठीक’ म्हणजे ठीक. ‘ठीके’ म्हणजे खरंच ठीक. ‘ठीक’ पुढे पूर्णविराम म्हणजे संबंध संपले. जे विरामचिन्ह मी पंधरा वर्षं उत्तरपत्रिकांत शोधत होतो, ते या मुलांनी भांडणासाठी राखून ठेवलं होतं. शब्दाला शब्द घासून बघायला त्यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. ती ते रात्री एक वाजेपर्यंत करत होती. मी फक्त म्हटलं, “हाच संशय आता पुस्तकावर घ्या.”

तिथे चुकलं.

आठ दिवसांनी शेवटच्या बाकावरचा आजोबांचं पंचांग घेऊन आला. नाटकात पुरुषांना महिन्यांची आणि बायकांना नक्षत्रांची नावं आहेत, एवढं सांगून मी आजवर पुढे सरकत असे. हा तिथेच ठाण मांडून बसला.

“सर, कृत्तिकेवरून महिना पडतो कार्तिक. तिनं लग्न केलंय फाल्गुनाशी. म्हणजे संशयाला जागा पंचांगातच आहे.”

मी गप्प.

“सत्तावीस नक्षत्रांत रेवती शेवटची, अश्विनी पहिली. चक्रात शेजारी-शेजारी. म्हणून अश्विनशेठ आणि रेवतीचं जमतं.”

मी मनातल्या मनात बोटं मोजली. बरोबर होतं.

“पण रेवतीच्या अलीकडचं नक्षत्र उत्तरा भाद्रपदा. आणि फाल्गुनरावाचा नोकर कोण? भादव्या! सर, या भादव्याचं काहीतरी…”

“भादव्याला सोड,” मी म्हणालो. पण वर्ग सोडायला तयार नव्हता. उरलेला तास त्या गरीब नोकराच्या उलटतपासणीत गेला.

त्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर दुसऱ्या बाकाखाली एक चिठ्ठी सापडली. ‘उद्या सातला ये. घरी कळलं तर संपलं. ते बरोबर आण.’ नाव नाही, गाव नाही. तीन वाक्यं आणि तीन पूर्णविराम. मला घाम फुटला. कोण येणार? कुठे? आणि ‘ते’ म्हणजे काय? नपुंसकलिंगी एकवचनी अशा किती वस्तू सोळाव्या वर्षी लपवून नेता येतात, याचा विचार करत रात्री दीडपर्यंत जागा होतो. प्राचार्यांना सांगावं, की पालकांना, की दोघांनाही?

सकाळी चहा आदळला गेला. शेजारी तीच चिठ्ठी होती. शर्ट धुवायला टाकण्यापूर्वी खिसे तपासायची आमच्या घरची जुनी रीत.

“पुन्हा सुरू झाला ना तुमचा अड्डा?”

“कसला अड्डा?”

“‘ते बरोबर आण’ म्हणजे काय ते कळतं मला. पत्ते!”

पुल्लिंगी अनेकवचन! हे मला सुचलंच नव्हतं. मी तिच्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की तिचा संशय पक्का झाला. विद्यार्थ्यांची चिठ्ठी आहे म्हटलं, तर म्हणाली, “अहो, निदान बहाणा तरी नवा शोधा.”

तडक वर्गात गेलो. आवाज जमेल तितका खाली आणून चिठ्ठी वर धरली. “हे कुणाचं?”

चष्मेवालीनं निवांत हात वर केला. “माझं, सर. काल दिवसभर शोधत होते. परवा तुम्हीच सांगितलं होतंत ना, एकाच मजकुरातून दोन अर्थ निघतील अशी चिठ्ठी लिहून आणा म्हणून. गृहपाठ.”

सांगितलं होतं. तास संपता संपता, घंटेच्या आवाजात. पण सांगितलं होतं.

“निघाले का सर, दोन अर्थ?”

“निघाले,” मी म्हणालो. “एक मला, एक घरी.” आणि चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. “याखाली लिही, ‘हा गृहपाठ आहे’. सही कर, तारीख टाक.”

तिनं पेन उघडलं, एक वाक्य लिहिलं आणि थांबून वर पाहिलं.

“सर, पूर्णविराम देऊ की नको?”