मनाने साफ आहेत हो आमचे साहेब! नेता काहीही बरळला तरी समर्थकांचं हे वाक्य ठरलेलं.

एप्रिल 2013. राज्यात दुष्काळ. उजनीच्या पाण्यासाठी एक शेतकरी आझाद मैदानात उपोषणाला बसलेला. इकडे इंदापूर तालुक्यातल्या सभेत अजित पवार विचारतात, धरणात पाणीच नाही तर काय मुतायचं? समोरचे लोक हसले. मला त्या वाक्यापेक्षा ते हसू जास्त बोलकं वाटतं, कारण माफी तिथेच मिळून गेली होती. बाकी दिलगिरी, कराडला प्रीतिसंगमावर दिवसभर आत्मक्लेश वगैरे नंतरचं. पुढच्याच वर्षी बारामतीतून ते जवळपास 90 हजारांनी निवडून आले.

मे 2017 मध्ये रावसाहेब दानवे तूर उत्पादकांबद्दल ‘रडतात साले’ म्हणाले. 2019 ला जालन्यातून तीन लाखांहून जास्त मतांनी विजयी. (2024 ला पडले, पण त्याचं श्रेय या वाक्याला देऊ नका, तेव्हा तिथे मराठा आरक्षणाचं आंदोलन तापलं होतं.)

समर्थकांच्या सारवासारवीचा क्रम पक्ष बदलला तरी बदलत नाही. आधी ‘क्लिप अर्धवट आहे’. पूर्ण क्लिप आली की ‘गावाकडची रांगडी भाषा आहे’. तेही टिकेना की ‘तुमचे ते काय बोलले होते?’ आणि शेवटी ‘कामाचा माणूस आहे’. पहिली तीन कारणं दुसऱ्यांना सांगायची. खरं कारण चौथं.

याला नुसती अंधभक्ती म्हणून भागत नाही. श्रीपाद छिंदम आठवा. नगरचे उपमहापौर असताना, फेब्रुवारी 2018 मध्ये, शिवरायांबद्दलचं त्यांचं फोनवरचं अपमानास्पद बोलणं बाहेर आलं. भाजपने हाकललं. त्याच डिसेंबरात ते महापालिकेत अपक्ष निवडून आले! ना पक्ष, ना लाट. माझ्या मते उरतो तो प्रभागातला हिशेब: नळजोडणी, दाखला, रात्री दवाखान्यात बेड मिळवून देणारा एक फोन.

एडविन हॉलंडर या मानसशास्त्रज्ञाने 1958 मध्ये हेच मांडलं. गटासाठी केलेल्या कामातून नेत्याच्या खात्यावर पत जमा होते आणि नियम मोडला की त्यातून वजा होते. आपल्याकडे या खात्याची एक गंमत आहे. जमा होतं ते आपल्या दारात, नावानिशी. शिवी पडते ती ‘शेतकऱ्यांना’, ‘बायकांना’, ‘त्या लोकांना’. ऐकणारा शेतकरी असला तरी मनात म्हणतो, साहेब मला नाही बोलले, त्या रडणाऱ्यांना बोलले.