खाडी हवी, पाच वाजताचं ऊन नको

ठाण्याची खाडी एकच, पण घर कोणत्या काठावर त्यावर घराचा स्वभाव ठरतो. ठाण्याच्या कोपरीला खाडी पूर्वेला; कोवळं ऊन चहाला येतं आणि चहा संपायच्या आत निघतं. नवी मुंबईच्या ऐरोली-वाशीला ती पश्चिमेला. म्हणजे जिकडे फ्लेमिंगो, तिकडेच मे महिन्यातला पाच वाजताचा सूर्य. घराच्या नकाशाला बसलं की मालक म्हणतात, "अख्खी भिंत काचेची करा." मी मनातल्या मनात त्यांचं वीजबिल काढतो.

मग तोडगा येतो: "दोन फुटी छज्जा देऊ की!" छज्जा माथ्यावरच्या सूर्यासाठी. मे महिन्यात पाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम 27 अंशांवर; दोन फुटी छज्ज्याची सावली एकच फूट उतरते. चार फुटी खिडकीतलं उरलेलं तीन फूट ऊन सोफ्यावर येऊन बसतं. सोफ्यावरची माणसं आतल्या खोलीत.

आठ फूट खोल ओसरी काढा. तीही एकटी पुरत नाही: छपराची कड नऊ फुटांवर असेल तर भिंतीवर पाच फुटांपर्यंत ऊन चढतंच. म्हणून कडेला बांबूचा चिक, म्हणजे गुंडाळता येणारा पडदा, नऊ फुटांवरून पाच फुटांपर्यंत सोडलेला. ऊन फूटभर उरतं. खुर्चीवर बसलेल्याचा डोळा साधारण चार फुटांवर, त्यामुळे चिकाखालून पाणी छान दिसतं. उभ्या माणसाला चिक दिसतो. त्याने बसावं.

कठडा मात्र भिंतीचा नको. साडेतीन फुटी भिंतीआडून झोपाळ्यावरच्या आजीला पलीकडचे टॉवर दिसतात, खाडी नाही. उभे गज लावा. फट चार इंचांच्या आत, नाहीतर नातवाचं डोकं अडकेल. स्टेनलेस स्टील 316 प्रतीचं घ्या. 304 वर खाऱ्या हवेने चहा सांडल्यासारखे डाग पडतात.

एकत्र घरातला खरा प्रश्न कपड्यांचा. नकाशात दोरी कोणीच काढत नाही, म्हणून ती स्वतःची जागा शोधते, आणि ती नेमकी सर्वात सुंदर दृश्यासमोर असते. वारा आणि ऊन तिथेच ना! मग सूर्यास्त तीन चादरी आणि काकांच्या लेंग्याआडून होतो. दक्षिणेला छप्पर असलेली ड्राय बाल्कनी द्या. हिवाळ्यात दुपारचं तिरपं ऊन तिथे आत येतं. "दक्षिण?" म्हणून काका वास्तुशास्त्र काढतील. लेंग्याला दिशा वर्ज्य नाही.

स्लाइडिंग खिडक्यांच्या रुळाला निचऱ्याची भोकं असतात. ती धुळीने बुजली की जुलैत रूळ भरतो आणि वारा ते पाणी दिवाणखान्यात ढकलतो. मेअखेरीस जुना टूथब्रश फिरवा. सील बदलायचा खर्च बहुतेक वाचतो.

राहिले पाहुणे. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. बोलावण्याआधी तक्ता बघा. भरतीला पाणी दिसतं, पण फ्लेमिंगो ओहोटीच्या चिखलात चरतात, आणि चिखलाला वास असतो. 2022 साली खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, वास होता तिथेच आहे. पाहुणे एका हाताने नाक धरतात, दुसऱ्याने फोटो काढतात.