इन्शुरन्स हात बघून घ्यायचा नसतो भाऊ

गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोत जायचा प्लॅन ठरला की नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास येतो, सध्या परत फिरून राहिला. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात हात चांगला असेल तर इन्शुरन्स नावाची जादा बेट घ्या, ब्लॅकजॅक (एक्का अन् दहावाला पत्ता) लागला अन् डीलरचा एक्का दिसला तर इव्हन मनी, म्हणजे बेटइतकेच पैसे लगेच घेणं, हा पक्का नफा, अन् पत्ते मोजणारे इन्शुरन्सला हातच लावत नाहीत. तिन्ही गोष्टी चूक आहेत, अन् यात लोकांचे खरे पैसे जातात म्हणून लिहून राहिलो.

पहिलं म्हणजे इन्शुरन्सचा तुमच्या हाताशी संबंधच नाही. डीलरचा एक्का उघडा असतो, त्याचा झाकलेला पत्ता दहा, गुलाम, राणी किंवा राजा आहे का यावरची ही वेगळी बेट, मूळ बेटच्या अर्धी, लागली तर तिच्या दुप्पट नफा. म्हणजे तीनात एकदा असा पत्ता निघाला तरच बरोबरी. सहा डेकमध्ये (52 पत्त्यांचे सहा जोड) तो एक्का सोडून 311 पत्ते, त्यात असे दहावाले 96, म्हणजे 31 टक्क्यांच्याही जरा खाली, अन् लागतात 33. आता तुमच्याजवळ दोन राजे, म्हणजे वीस, असतील तर दोन दहावाले तुम्हीच धरून बसले ना, उरले 309 मध्ये 94. नऊ-सातचा भिकार सोळा असेल तर 309 मध्ये पूर्ण 96. म्हणून 500 च्या इन्शुरन्सवर वीसवाला सरासरी 44 रुपये घालवतो, सोळावाला 34. मेसेज नेमकं उलटं सांगून राहिला!

इव्हन मनीचंही तेच. तीनास-दोनच्या टेबलवर, म्हणजे ब्लॅकजॅकला दीडपट मिळतात तिथं, 1000 लावले, ब्लॅकजॅक लागला, तर नाही म्हणणाऱ्याला 309 पैकी 214 वेळा 1500 मिळतात, बाकी वेळा डीलरलाही ब्लॅकजॅक, मग बेट परत. सरासरी 1039. तो पक्का नफा घेताना दरवेळी 39 रुपये सोडता तुम्ही.

अन् मोजणारे? ब्लॅकजॅकवर लिहिणारे डॉन श्लेसिंजर यांनी काउंट, म्हणजे निघालेल्या पत्त्यांची बेरीज, बघून चाल बदलायच्या 18 जागा काढल्या, त्यात पहिला नंबर इन्शुरन्सचाच आहे. हाय-लो या मोजायच्या पद्धतीत निघालेल्या 2 ते 6 ला अधिक एक, दहावाले अन् एक्क्याला उणे एक, बेरजेला उरलेल्या डेकने भागायचं, +3 किंवा वर आलं की घ्यायचा, मग हातात वीस असो की सोळा, अन् इव्हन मनीही तेव्हाच. बेरीज 9 अन् तीन डेक उरले तर घ्या, तेच 9 पाच डेक उरले असताना आले तर बिलकुल नको. एक बारीक गोष्ट, एक्का इथं दहावाला नाही तरी हाय-लो त्याला उणेच धरतो, त्यामुळे एक्के नेहमीपेक्षा जास्त निघून गेले असतील तर +3 च्या जरा खालीही इन्शुरन्स परवडतो.