ओट्यावरचं मांजर आणि ‘रामबाण’ डांबरगोळ्या

‘मांजर ओट्यावर चढतं? हे ७ घरगुती उपाय करा, आठवड्यात सवय सुटेल!’ असा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर गटागटांतून फिरतोय. एरवी मी पुढे सरकले असते. पण तो माझ्या मावशीकडे पोचला, आणि मावशी नुसतं वाचून गप्प बसणाऱ्यांतली नाही. तिने वाण्याकडून डांबरगोळ्यांचं पाकीट आणलं आणि मग मला फोन केला: “गोळ्या अख्ख्या ठेवू की कुस्करून?” म्हणजे ठेवायच्या की नाही, हा प्रश्नच नव्हता.

ज्यांच्याकडे हा मजकूर अजून आला नसेल (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. १. ओट्यावर लिंबू-मोसंबीच्या साली ठेवा. २. कडेला लाल तिखट भुरभुरा. ३. कोपऱ्यात आणि शेगडीमागे डांबरगोळ्या ठेवा, ‘वासानेच मांजर फिरकणार नाही’. ४. ओटा फिनाइलने पुसा किंवा निलगिरीचं तेल शिंपडा, ‘नैसर्गिक असल्याने अपाय नाही’. ५. चढलं की तोंडावर पाण्याचा फवारा मारा. ६. घरात गरोदर बाई असेल तर मांजर काढूनच टाका. ७. काहीच जमलं नाही तर पोत्यात घालून लांब सोडून या. खाली ‘एका पशुतज्ज्ञाचा सल्ला’. तज्ज्ञाला नाव नाही, गाव नाही.

क्रमाने जात नाही, तिसऱ्यापासूनच सुरू करते.

डांबरगोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅप्थलीन. काही पाकिटांत पॅराडायक्लोरोबेन्झीन असतं, तेही विषारीच. कपाटात ठेवलेली गोळी काही महिन्यांत बारीक होत होत नाहीशी होते, ती कुठे जाते? हवेत. न वितळता तिची थेट वाफ होते. बंद कपाटातली ही वाफ आता जिथे कणीक मळायची, कोथिंबीर चिरायची, दूध तापवायचं, तिथे सोडायची! स्वेटरला लागलेला तो वास दिवसभर उन्हात टाकूनही जात नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाने हा उपाय लिहिला कसा? मांजर घटकाभर बाजूला ठेवा. आमटीच्या पातेल्यामागे डांबरगोळी ठेवलेल्या घरात मी तरी जेवायला बसणार नाही.

त्यात घरात रांगतं मूल असेल तर आणखीच कठीण. पांढरी, गोल, गोळीसारखी गोळी. मूल ती तोंडात घालणारच. नॅप्थलीनमुळे रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि ज्यांच्यात जी-सिक्स-पी-डी या विकराची (म्हणजे एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते त्यांना तर हा धोका फारच मोठा. ही कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही. अनेकांना ती आपल्यात आहे याचा पत्ताही नसतो.

आता मांजर. ‘वासाने फिरकणार नाही’ म्हणे. काही मांजरं नाही फिरकत, मान्य. पण गडगडणारी गोल वस्तू समोर दिसल्यावर पंजा न मारणारं मांजर मी अजून पाहिलेलं नाही. ते गोळी ओट्यावरून खाली पाडेल, फ्रिजखाली ढकलेल, मग निवांत बसून पंजे चाटेल. झालं, विष पोटात. मांजराचं रक्त तर अशा विषापुढे माणसाच्या रक्तापेक्षाही नाजूक. त्याच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत रसायनांना सहज बळी पडणाऱ्या सल्फरच्या ८ जागा असतात, माणसाच्या फक्त २. म्हणून तेवढ्याच माऱ्याने त्याच्या लाल पेशी लवकर खराब होतात. हिरड्या पांढुरक्या किंवा तपकिरी पडणं, उलट्या, गळून जाणं, लघवी गडद होणं, यांतलं काही दिसलं तर पाकीट हातात घेऊन थेट पशुवैद्याकडे जायचं. घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, तो आणखी एक फॉरवर्ड आहे.

तिसऱ्याचा हा तपशील चौथ्यालाही लागू पडतो, म्हणून एक खरा अभ्यास सांगते, निनावी पशुतज्ज्ञ नव्हे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लॅट यांनी २००० साली मांजराच्या यकृताबद्दल एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, हे पशुवैद्यांना आधीपासून माहीत होतं. असं का होतं, याचं उत्तर त्यांनी जनुकात शोधलं. पॅरासिटामॉलसारख्या, फिनॉलच्या कुळातल्या पदार्थांना साखरेसारखा एक रेणू जोडून ते लघवीवाटे बाहेर टाकायचे, हे काम आपल्या यकृतात ज्या विकरांकडे असतं त्यांतल्या एका महत्त्वाच्या विकराचं जनुक मांजरात मोडकं निघालं. आहे, पण चालत नाही. पुढे २०११ मध्ये वाघ-सिंहांच्या सगळ्या कुळाची तपासणी झाली, तिथेही तीच गत. शिकारी प्राणी, पालापाचोळा खात नाही, वनस्पतींची रसायनं निचरायची त्याला फारशी गरजच पडली नसावी, असा तर्क मांडला जातो.

आता यादीकडे परत बघा. शरीरात गेल्यावर नॅप्थलीनचं नॅप्थॉल होतं. ते फिनॉलच्याच कुळातलं. काळं फिनाइल म्हणजे डांबरातून निघालेले फिनॉलच. फिनाइलने पुसलेल्या ओट्यावरून मांजर चाललं की ते पंजांना लागणार आणि पंजे ते चाटणार, कारण अंग चाटून साफ करणं हा त्याचा दिवसभराचा उद्योग आहे. निलगिरी, टी ट्री, लवंग यांची तेलंही मांजराला बाधतात, कापूरही. ‘नैसर्गिक असल्याने अपाय नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याला धोतऱ्याचं झाड दाखवायला हवं. तेही नैसर्गिकच आहे.

तिखटाबद्दल फार लिहीत नाही. पंजाला लागलेलं तिखट डोळ्यात जातं. मिरच्या चिरल्यावर डोळा चोळलेल्या कुणालाही विचारा. शिवाय रोज सकाळी ते तिखट पुसणार कोण? मजकूर लिहिणारा तर नाहीच.

सालींचा उपाय मात्र, नाइलाजाने सांगते, अगदीच खोटा नाही. बऱ्याच मांजरांना लिंबूवर्गीय वास आवडत नाही आणि ताज्या साली ठेवल्या तर ती थोडा वेळ लांब राहतात. साली सुकल्या की वास गेला, आणि मांजराला वासाची सवय झाली की सालीही गेल्या. ताज्या साली काही दिवस ठेवून बघायला हरकत नाही. पण ‘सालीने होतं तर संत्र्याचं तेलच ओता’ असा शहाणपणा करू नका, तो चौथा मुद्दाच दुसऱ्या बाटलीतून आला.

पाण्याच्या फवाऱ्याने मांजर शिकतं, यात शंका नाही. ते हे शिकतं की तुम्ही स्वयंपाकघरात असताना ओटा धोक्याचा आहे. तुम्ही दुपारी पडलात की ओटा त्याचाच. वर तुम्हाला बघून पलंगाखाली शिरायची सवय लागते ती निराळी. मावशीचं म्हणणं, “ते मुद्दाम करतं, माझ्याकडे बघत बघत चढतं.” अगं, ते तुझ्याकडे बघतं कारण तू आता काय करणार हे त्याला बघायचंय. तू ओरडतेस, धावतेस, उचलून घेतेस. कंटाळलेल्या मांजराला एवढी करमणूक पुरे.

सहाव्या मुद्द्यात एक खरी गोष्ट पार वाकडी करून सांगितली आहे. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी आहे, आणि गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर बाळाला धोका असतो. पण तो मांजराच्या विष्ठेतून पसरतो, आणि ताज्या विष्ठेतली त्याची बीजं लागण करण्याजोगी व्हायला १ ते ५ दिवस लागतात. शिवाय लागण झालेलं मांजर साधारणपणे आयुष्यात एकदाच, काही आठवड्यांपुरती ही बीजं बाहेर टाकतं. तेव्हा रेतीचा ट्रे रोज साफ करा, गरोदर बाईऐवजी घरातल्या दुसऱ्या कुणी करा (नवरा नावाचा प्राणी घरात असतोच), मटण नीट शिजवा, भाज्या धुवा. कच्च्या मांसातून आणि मातीतून होणाऱ्या लागणीबद्दल या मजकुरात अवाक्षर नाही. ट्रेमधून आलेले पंजे ओट्यावर नकोत, हे मलाही मान्य आहे. पण त्याला ओटा साबणाच्या पाण्याने पुसणं पुरतं, मांजर घराबाहेर काढावं लागत नाही.

सातवा मुद्दा गुन्हा आहे. उपासमार होईल अशा अवस्थेत पाळलेलं जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये बसतं. यापुढे चर्चा नाही.

मग करायचं काय? आपल्या पणज्या मांजराला शिकवायच्या भानगडीत पडल्याच नाहीत. त्यांनी दूध-लोणी शिंक्यावर टांगलं. शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या शिंकं धड ठेवायच्या. मांजर ओट्यावर चढतं कारण तिथे काहीतरी मिळतं: सायीचं पातेलं, बांगड्याचा वास, ठिबकणारा नळ, नुकत्याच बंद केलेल्या शेगडीची ऊब, खिडकीच्या जाळीपलीकडची कबुतरं. यातलं आपलं मांजर कशासाठी चढतं ते आधी बघा. साय असेल तर पातेलं फ्रिजमध्ये. नळ असेल तर वॉशर बदला आणि पाण्याचं भांडं जेवणाच्या ताटलीपासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा. कबुतरं असतील तर दुसऱ्या खिडकीशी बसायला जागा करून द्या.

आणि त्याला उंची हवीच असते, ती तुम्ही काढून घेऊ शकत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी एक उंच स्टूल ठेवा, वर जुनं गोधडीचं पटकूर टाका. स्वयंपाकाला लागण्याआधी मांजराला खायला घाला. मग ते स्टूलवर चढलं की लगेच, तिथेच, एक दाणा खाऊ. ओट्यावर चढलं तर न बोलता, न ओरडता खाली ठेवायचं. दाणा फक्त स्टूलवर मिळतो, हे त्याला उमगायला हवं. सुरुवातीला ओट्याच्या कडेला ॲल्युमिनियमची फॉइल किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली तरी चालेल. त्याने कुणाच्या यकृताला काही होत नाही.

आठवड्यात सवय सुटणार नाही. उलट ओट्यावर मिळायचं बंद झालं की पहिले काही दिवस ते जास्तच चढेल, जास्तच ओरडेल. नेमक्या त्याच दिवसांत काका पेपर वाचता वाचता ओट्यावरूनच त्याला सुरमईचा काटा देतात. मधूनच कधीतरी मिळालेला घास मांजर विसरत नाही, रोज मिळणाऱ्यापेक्षा तो जास्त लक्षात ठेवतं. तेव्हा मावशी, डांबरगोळ्या कपाटात ठेव आणि आधी काकांशी बोल.