तिसरी वाटी

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. दरवर्षी मिलग्रॅमचा प्रयोग आला, म्हणजे हुकूम मिळाला की साधा माणूस दुसऱ्याला कुठवर शॉक देत जातो त्याचा, की वर्गाला विचारतो, "त्या जागी तुम्ही असता तर थांबला असता का?" सगळे हात वर जातात. माझाही जातो, सवयीनं.

गेल्या रविवारी कोल्हापुरात शिवाजी पेठेत सासऱ्यांकडे मटणाचं जेवण होतं. धाकट्या मेव्हणीचं नुकतंच लग्न झालंय. साडू डोंबिवलीचे, लग्नानंतर पहिल्यांदाच जेवायला आलेले. जुना जावई म्हणजे घरातला फ्रीज. त्याच्याकडे कुणी बघत नाही, काम पडलं की उघडतात. त्यामुळे वगराळं माझ्या हातात आलं.

पंगतीच्या टोकाला आबा, म्हणजे सासरे. मग तीन चुलत मेव्हणे, शेजारचे पैलवानकाका आणि सगळ्यांत शेवटी साडू.

"कसा झालाय तांबडा?" आबांनी विचारलं. "तिखट न्हाई न्हवं?"

"छे! तिखट कुठलं!" थोरला मेव्हणा म्हणाला. त्याचं नाक गळत होतं.

"मीडियम हाय," मधला.

धाकट्यानं नुसती मान हलवली. त्याला बोलायला जमलं नसावं.

"आमच्या तालमीत ह्याला दूध म्हणत्यात," पैलवानकाका म्हणाले आणि टॉवेलनं टक्कल पुसलं. टॉवेल पिळता आला असता.

आता पाळी साडूंची. पहिल्या भुरक्यालाच त्यांचे कान लालभडक झालेले मी पाहिले होते. त्यांनी चौघांकडे एकदा पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही हो. अजिबात नाही."

खरं सांगतो, मला भरून आलं. हा तर मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशचा प्रयोग! १९५० च्या दशकात त्यानं अमेरिकेतल्या कॉलेजातली पोरं अशीच ओळीनं बसवली होती. कुठली रेघ दिलेल्या रेघेएवढी लांब, एवढाच प्रश्न. आधीचे सगळे सामील, ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. खरा गिऱ्हाईक शेवटी-शेवटी. डोळ्यांना ढळढळीत दिसत असूनही चारांतले तीन जण निदान एकदा तरी बाकीच्यांच्या सुरात सूर मिळवून गेले. रेघेचं एवढं, तर सासुरवाडीच्या रश्श्याचं काय!

या आनंदात मी होतो तेवढ्यात आबा म्हणाले, "मास्तर, पाव्हण्यांची वाटी मोकळी झाली. वाढा."

"आबा, त्यांना पांढरा देऊ का थोडा?"

"वाढा की."

साडूंनी वाटीवर हात धरला.

"लाजत्यात ते. वाढा."

"पण आबा..."

"वाढा म्हणतोय न्हवं? जबाबदारी माझी."

मी वाढलं.

मिलग्रॅमच्या माणसाकडे अशीच चार ठरलेली वाक्यं होती. येल विद्यापीठात १९६१ साली सुरू झालेला प्रयोग. समोरचा चुकला की शॉकचं बटण दाबायचं, १५ व्होल्टपासून १५-१५ नं चढत ४५० पर्यंत. मानसोपचारतज्ज्ञांचा आधीचा अंदाज होता, शेवटपर्यंत जाणारा हजारात एखादा. गेले ४० पैकी २६. तिथल्या हुकूम सोडणाऱ्याच्या अंगात करडा कोट होता, आमच्या आबांच्या डोक्यावर पांढरी टोपी. आणखी एक फरक: तिथले शॉक खोटे होते. रस्सा खरा होता.

मूळ प्रयोगात ३०० व्होल्टला पलीकडून भिंतीवर धडका ऐकू यायच्या आणि थोड्या वेळानं सगळं शांत व्हायचं. साडू दुसऱ्या वाटीला उचक्या देत होते. तिसरीला उचक्या थांबल्या. मला ते जास्त वाईट वाटलं, पण वगराळं थांबलं नाही.

मध्येच आबांचा फोन वाजला आणि ते बोलत सोप्यात गेले. तिथूनच हाक आली, "वाढताय न्हवं, मास्तर?"

"वाढतोय, वाढतोय!" असं ओरडून मी साडूंच्या वाटीत गुपचूप पांढरा ओतला. हेही शोधून काढलेलं आहे बरं. साहेब खोलीबाहेर जाऊन फोनवरून हुकूम द्यायला लागला की शेवटपर्यंत जाणारे जेमतेम पाचवा हिस्सा उरायचे. काही जण तर फोनवर 'हो हो' म्हणत हळूच खालचं बटण दाबायचे. तेवढीच माझी क्रांती.

आबा परतले आणि त्याच वेळी सासूबाई पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या. "आवो, कुणी काय बोलला कसं न्हाईसा? चटणी मी घातली हुती, परत थोरल्या सुनंनंबी घातली. आत्ता चाखलं. डोस्कं फिरलं माझं!"

पंगत गप्प. मग एकदम सगळ्यांनी पाणी मागितलं. पैलवानकाकांनी दह्याचं भांडंच ओढून घेतलं.

"मला पहिल्या घासालाच कळलं हुतं," आबा म्हणाले.

"मग बोलला का न्हाईसा?"

"मी इचारलं की सगळ्यांस्नी! समदी म्हणाली, न्हाई तिखट. म्हटलं, माझंच तोंड आलंय जनू."

ॲशच्या काही पोरांनीही नंतर हेच सांगितलं होतं, आम्हाला आमच्याच डोळ्यांची शंका आली. हे आबांना सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

"मास्तर, तुमी अजून जेवला न्हाईसा," आबा म्हणाले. "बसा."

मी बसलो. साडू उठले. डोळे सुजलेले, पण नजर आता स्थिर होती. त्यांनी माझ्या हातातलं वगराळं घेतलं, पातेल्यात अगदी तळापासून ढवळलं आणि अदबीनं आबांकडे पाहिलं.

"वाढा, जावईबापू," आबा म्हणाले. "जबाबदारी माझी."